पायांतील बळ आणि पाठीशी शाळा

आपल्या खानदेशात शाळाशाळांचे मैदानी सामने भरले, की लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या वेळी एक उद्गार हटकून कानी पडतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरचा अनवाणी मुलगा सर्वांच्या पुढे निघून गेला, म्हणजे मैदानाच्या कडेला उभे असलेले गृहस्थ म्हणतात, "डोंगरातले पोर ते; पळणारच!" बोलणाऱ्याच्या मनात मत्सर नसतो, उलट कौतुकच असते. तथापि ह्या कौतुकाचा नीट विचार केला, तर त्यात त्या मुलाला देण्यापेक्षा त्याच्याकडून काढून घेण्याचाच भाग अधिक आहे, असे आम्हांस वाटते. तो मुलगा महिनोन् महिने पहाटे उठून धावला असेल. छाती भरून आली असताही थांबला नसेल. वळणावर पाऊल कसे टाकावे व शेवटच्या फेरीसाठी दम कसा राखून ठेवावा, हे कोणा शिक्षकाने त्यास शिकविले असेल. ते सारे श्रम त्या एका उद्गाराने पुसले जातात आणि श्रेय उरते ते केवळ डोंगराचे. शिवाय त्या वाक्याच्या पोटात दुसरे एक न उच्चारलेले वाक्य दडलेले असते. पळणे ह्याच्या रक्तात आहे, म्हणजे पुस्तक ह्याच्या रक्तात नाही, असा त्याचा अर्थ होय.

ह्या समजुतीविरुद्ध दोन शब्द लिहावेत, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. मनुष्याच्या पायांत बळ असते ते निसर्ग देतो, हे खरे. परंतु त्या बळाची धाव घडते ती शाळेच्या, शिक्षकाच्या आणि मैदानाच्या योगाने. जिथे ह्या तीन गोष्टी नाहीत तिथे ते बळ पाणी वाहण्यात, मोळ्या आणण्यात आणि ऊस तोडण्यात खर्ची पडते, आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सोनगीरच्या वाचकांस ही गोष्ट समजून घेण्यासाठी दूर जावयास नको. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी आपले गाव पूर्वापार प्रसिद्ध आहे. तांब्याचा पत्रा कितीही उत्तम असला, तरी तो आपण होऊन हंडा होत नाही. त्यासाठी तांबटाचा हातोडा, त्याची नजर आणि ठोक्यामागून ठोका देत राहण्याचा त्याचा धीर लागतो. हंडा हाती घेतल्यावर "तांबेच ते, हंडा होणारच," असे कोणी म्हणत नाही. उलट तो कोणाच्या हातचा, हेच विचारतात. मग मुलांच्या बाबतीतच आपण पत्र्याची स्तुती करून कारागिरास का विसरावे?

महाराष्ट्रातील धावण्याचा इतिहास पाहिला, तर हेच सत्य प्रथमपासून दिसून येते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा हे होते. त्या जिमखान्याच्या मैदानावर आसपासच्या खेड्यांतील शेतकरी मंडळी अनवाणी धावताना त्यांनी पाहिली. शर्यतीचे नियम त्या मंडळींस ठाऊक नव्हते, पायांत बूट नव्हते. तथापि घड्याळ लावून पाहता त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या तोडीची आहे, असे टाटांस दिसून आले. त्यांनी पुढाकार घेतला, मुंबईच्या गव्हर्नरांकडे शब्द टाकला, पदरचे पैसे घातले, आणि १९२० साली बेल्जमदेशी अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानातून एक लहानशी तुकडी गेली. तीत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन म्हणजे सुमारे ४२ किलोमीटरांची दौड. ती त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. आता विचार करण्यासारखी गोष्ट ही, की दख्खनचा शेतकरी १९२० च्या आधी शंभर वर्षेही असाच अनवाणी धावत होता. पाय तेच होते. नवीन काय घडले? मैदान आखले गेले, हाती घड्याळ असलेला मनुष्य तिथे उभा राहिला, आणि ह्या पायांची किंमत आहे असे त्यास वाटले. एवढ्याच तीन गोष्टी नव्या होत्या.

हाच धडा ह्याहून कितीतरी मोठ्या अक्षरांत अमेरिकेच्या कृष्णवर्णीय लोकांनी लिहून ठेवला आहे. त्यांचे व आपले नाते नवे नाही. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला, तो अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. हेच जोतीराव तरुणपणी पुण्यास लहुजी वस्ताद साळवे ह्यांच्या तालमीत अंग कमावीत होते. ज्या जातीला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्या जातीत जन्मलेल्या त्या वस्तादाच्या हाताखाली त्यांनी मर्दानी विद्या घेतली. दार बंद असलेल्या माणसांनी आपले स्वतःचे विद्यास्थान उभारावे, ही कल्पना त्यामुळे महाराष्ट्रास परकी वाटू नये.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण दक्षिणेकडील विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय मुलांस बंदच राहिली. तेव्हा त्यांच्यासाठी निराळी महाविद्यालये निघाली. कित्येकांची स्थापना धर्मोपदेशकांच्या मंडळांनी केली. नॅशव्हिलचे फिस्क विद्यापीठ १८६६ सालचे, अटलांटाचे मोरहाउस महाविद्यालय १८६७ सालचे. टस्कीगीची संस्था बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांच्या हाताखाली १८८१ साली सुरू झाली. ह्या संस्था गरीब होत्या. वसतिगृहे अपुरी, ग्रंथालये तोकडी, आणि सरकारी मदत गोऱ्यांच्या विद्यापीठांच्या मानाने फारच थोडी. अशा ठिकाणी पळण्याउडण्याच्या खेळांस जागा मिळाली असती तरी कशी, असे कोणासही वाटेल. परंतु मिळाली.

टस्कीगी येथे क्लीव्हलंड अबट नावाचे क्रीडाशिक्षक होते. त्यांनी १९२७ साली तेथे मैदानी सामने सुरू केले आणि दोनच वर्षांनी त्यांत मुलींच्या शर्यती घातल्या. मुलींनी धावावे की नाही, ह्याविषयी त्या काळी तेथील आईबाप आपल्या आईबापांइतकेच साशंक होते. तरी अबटांनी नेट सोडला नाही. परिणाम असा झाला, की १९३७ पासून १९४८ पर्यंत, एक वर्ष वगळता, सबंध अमेरिकेच्या स्त्रियांच्या मैदानी सामन्यांतील सांघिक विजेतेपद प्रतिवर्षी टस्कीगीकडे राहिले. गोऱ्या मुलींचे श्रीमंत क्लब एकीकडे आणि एक गरीब कृष्णवर्णीय संस्था दुसरीकडे, असा तो सामना होता.

ह्याच टस्कीगीत अ‍ॅलिस कोचमन ही मुलगी शिकली. जॉर्जिया प्रांतातील ऑल्बनी हे तिचे गाव. वडिलांस तिचे धावणे-उडणे मुळीच पसंत नव्हते. गोऱ्यांच्या मैदानावर जाण्याची तिला मुभा नव्हती. म्हणून ती मातीच्या रस्त्यावर अनवाणी धावे आणि काठ्या व दोऱ्या बांधून त्यांवरून उड्या मारी. उंच उडीत ती १९३९ पासून १९४८ पर्यंत दहा वर्षे ओळीने अमेरिकेत पहिली आली. तिच्या ऐन उमेदीच्या काळात, १९४० व १९४४ साली, महायुद्धामुळे ऑलिंपिक सामने भरलेच नाहीत. अखेर १९४८ साली लंडन येथे तिने १.६८ मीटर उंच उडी मारून सुवर्णपदक मिळविले. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय. तिच्या आदल्याच दिवशी २०० मीटरांच्या शर्यतीत ऑड्री पॅटर्सन हिने कांस्यपदक घेतले होते. तीही टेनेसी येथील कृष्णवर्णीयांच्याच महाविद्यालयातील. कोचमन गावी परत आली तेव्हा तिचा सत्कार झाला. पण सभागृहात गोरे एका बाजूस व काळे दुसऱ्या बाजूस बसले होते, आणि नगराध्यक्षाने तिच्याशी हस्तांदोलन केले नाही. सुवर्णपदकानेही जे दार उघडले नाही, ते तिच्या शाळेने तिच्यासाठी कित्येक वर्षे आधी उघडले होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

टस्कीगीने लावलेला दिवा पुढे नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट विद्यापीठाने हाती घेतला. तेथे एड टेम्पल ह्या शिक्षकाने चाळीस वर्षांहून अधिक काळ मुलींस धावण्याचे शिक्षण दिले. धावपट्टी कच्ची व अपुरी. पूर्ण शिष्यवृत्त्या नव्हत्या, म्हणून मुली संस्थेतच काम करून आपला खर्च भागवीत. सामन्यांस जावयाचे ते मोटारीत दाटीवाटीने बसून, आणि बरोबर घरची शिदोरी घेऊन. कारण वाटेवरील खाणावळी काळ्या प्रवाशांस आत घेत नसत. अशा स्थितीत ह्या एका शिक्षकाच्या हाताखालून चाळीस मुली ऑलिंपिकला गेल्या आणि त्यांनी तेवीस पदके आणली, त्यांपैकी तेरा सुवर्णाची. १९६० साली रोम येथे चार मुलींच्या सांघिक शर्यतीत अमेरिकेला सुवर्णपदक मिळाले, त्या चारही मुली ह्याच विद्यापीठाच्या होत्या.

त्या चौघींतील विल्मा रुडॉल्फ हिची हकीकत आमच्या मुलामुलींनी अवश्य वाचावी. बावीस भावंडांतील ती विसावी. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय लुळा पडला. गावात काळ्यांच्या उपचाराची सोय नव्हती. म्हणून आई तिला सुमारे पन्नास मैलांवरील नॅशव्हिल येथे मेहॅरी ह्या कृष्णवर्णीयांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दर आठवड्यास घेऊन जाई. पायाला पट्टे बांधून चालणारी ती मुलगी पुढे शाळेत बास्केटबॉल खेळू लागली, टेम्पल ह्यांच्या नजरेस पडली, आणि रोमच्या सामन्यांत १०० मीटर, २०० मीटर व सांघिक अशा तीन सुवर्णपदकांची मानकरी झाली. तिच्या गावाने मिरवणूक काढावयाचे ठरविले, तेव्हा गोरे-काळे एकत्र असतील तरच मी येईन, असे तिने निक्षून सांगितले. आणि त्या गावातील तसा तो पहिलाच समारंभ ठरला. आता सांगा, विल्माचा वेग तिच्या रक्तात होता काय? तिच्या पायात तर प्रथम चालण्याचेही बळ नव्हते. तो पाय वैद्यकीय महाविद्यालयाने व तिच्या मातेने उभा केला, आणि त्याला धावावयास दुसऱ्या महाविद्यालयाने शिकविले.

येथे कोणी असे म्हणेल, की कृष्णवर्णीय लोक उपजतच धावण्यात श्रेष्ठ, संस्था निमित्तमात्र. शरीराची ठेवण, हवा, लहानपणापासूनची सवय ह्यांचा उपयोग होत नाही, असे आम्हीही म्हणत नाही. परंतु एक प्रश्न उरतोच. १९४८ पूर्वी एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला ऑलिंपिकमध्ये पदक नव्हते. रक्त तर त्याआधीही तेच होते. मधल्या काळात जे बदलले ते रक्त नव्हे. मुलींसाठी सामने भरविणाऱ्या दोन-चार संस्था निघाल्या, हाच काय तो बदल.

केनियाची गोष्टही अशीच आहे. त्या देशाचे लोक जन्मतःच धावपटू, असा समज जगभर पसरलेला आहे. परंतु तेथील इटेन ह्या गावी सेंट पॅट्रिक्स नावाचे एक मिशनरी हायस्कूल आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. १९७६ साली आयर्लंडहून कोल्म ओकॉनेल नावाचे एक ब्रदर तेथे भूगोल शिकविण्यास आले. धावण्याच्या शास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. मुलांबरोबर राहून, त्यांच्याकडे पाहून पाहून ते शिकले व मग शिकवू लागले. त्या शाळेच्या पीटर रोनो ह्याने १९८८ साली १५०० मीटरांच्या शर्यतीत, तर मॅथ्यू बिरिर ह्याने १९९२ साली अडथळ्यांच्या शर्यतीत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. २०१२ साली ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून जागतिक विक्रम करणारा डेव्हिड रुडिशा हाही ओकॉनेल ह्यांचाच शिष्य. एका भूगोलाच्या शिक्षकाने हे केले, ही गोष्ट कोणत्याही हायस्कुलास विचार करावयास लावणारी आहे.

आता आपल्या घरी परत येऊ. नाशिक जिल्ह्यात सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील कविता राऊत लहानपणी दूरवरून पाणी आणीत असे व शाळेत अनवाणी धावे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत तिने १०,००० मीटरांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्या सामन्यांच्या इतिहासात धावण्यात वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई सामन्यांत तिने रौप्यपदक घेतले. वर्तमानपत्रांनी तिचे नाव "सावरपाडा एक्स्प्रेस" असे ठेवले, व ते गोडही आहे. पण पाणी वाहणाऱ्या मुली तर सातपुड्यात आणि सह्याद्रीत हजारो आहेत. त्या हजारोंतून एकीची धाव घडली, कारण नाशिकला विजेंद्र सिंग नावाचे प्रशिक्षक होते आणि ती त्यांच्यापर्यंत पोहोचू शकली. सावरपाड्याने पाय दिले; नाशिकच्या मैदानाने एक्स्प्रेस घडविली.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे हा दुसरा दाखला. आईबाप वीटभट्टीवर राबणारे; शाळा सहा किलोमीटर दूर, आणि ती वाट रोज पायीच तुडवावयाची. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला व सियाचिनच्या बर्फात त्याने पहारा केला. त्याच्या धावण्यास खरे वळण लागले ते २०१५ नंतर, सैन्यातच, वयाची विशी उलटल्यावर. पुढे अमरीश कुमार ह्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने २०१८ साली गोपाळ सैनी ह्यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. राष्ट्रकुल सामन्यांत १९९८ ते २०१८ अशा सहाही खेपांस ह्या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. २०२२ साली बर्मिंगहॅम येथे ती परंपरा अविनाशने मोडली. त्याचे सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले व रौप्य हाती आले. पुढल्या वर्षी हांगझूच्या आशियाई सामन्यांत सुवर्णही आले. सैन्य नसते तर मांडव्याचा हा वेग कोठे गेला असता, ह्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

तिसरे उदाहरण साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर हिचे. २०१६ साली रिओ येथे ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ती अंतिम फेरीत पोहोचली व दहावी आली. पात्रता फेरी पार करून धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत भारतीय स्त्री उतरली ती १९८४ च्या पी. टी. उषा हिच्यानंतर बत्तीस वर्षांनी. पुढे ललिता राज्य सरकारच्या सेवेत उपजिल्हाधिकारी झाली. खेळणारी मुलगी वाया जाते, असे ज्यांस वाटते त्यांनी ह्या शेवटच्या वाक्याकडे पुन्हा एकवार पाहावे.

पालकांच्या मनातील मुख्य शंका हीच असते, आणि ती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. मैदानावर गेलेला तास अभ्यासातून वजा होतो, असे त्यांस वाटते. गरीब घरी तर मुलाचा प्रत्येक तास मोलाचा असतो. म्हणूनच त्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांचा दाखला पूर्णपणे घ्यावयास हवा, अर्धा नव्हे. टेम्पल ह्यांच्या हाताखालून ऑलिंपिकला गेलेल्या चाळीस मुलींपैकी जवळजवळ सर्वजणी पदवीधर झाल्या. अभ्यास सोडलेली मुलगी त्यांस मैदानावर चालत नसे. मोरहाउस महाविद्यालयास स्वतःची धावपट्टीसुद्धा नव्हती. तेथे पदार्थविज्ञान शिकणारा एडविन मोझेस गावातील शाळांच्या मैदानांवर जाऊन सराव करी. त्याने १९७६ व १९८४ साली ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक घेतले, आणि १९७७ पासून १९८७ पर्यंत ओळीने १२२ शर्यती तो एकदाही हरला नाही. दोन अडथळ्यांमध्ये किती पावले टाकावयाची, ह्याचे गणित बसवून धावणारा तो मनुष्य होता. पुस्तक आणि मैदान ही दोन घरे नव्हेत. एकाच घराच्या त्या दोन खोल्या आहेत.

ह्या इतिहासात एक सावधगिरीची खूणही आहे. १९५४ साली वर्णभेदी शाळा बेकायदा ठरल्या आणि पुढील वीस वर्षांत मोठ्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय मुलांस उघडली. हे न्याय्यच झाले. त्यात वाईट मानण्याजोगे काही नाही. परंतु उत्तम धावपटू मोठ्या विद्यापीठांकडे जाऊ लागले, तसा जुन्या लहान संस्थांचा क्रीडांगणावरील पूर्वीचा दरारा ओसरला. चमकणारा मुलगा मोठ्या शहरी गेला, म्हणजे त्याचे कल्याण होते. पण मागे राहिलेल्या शंभर मुलांचे काय? खानदेशातील चांगला धावणारा मुलगा नाशिकला किंवा पुण्याला जातो. त्याने अवश्य जावे. तथापि तो गेल्यावर त्याच्या शाळेचे मैदान ओस पडू नये.

कारण आपल्याकडे प्रश्न पदकांचा नाही, शाळेत टिकण्याचा आहे. दिवाळी झाली, की खानदेशातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस गुजरातेत व दक्षिणेकडे जातात, आणि त्यांच्याबरोबर वर्गातील बाके रिकामी होतात. मुलगी आठवी-नववीत गेली, की तिला घरी ठेवावे असा विचार अजूनही कित्येक घरी होतो. अशा मुलास किंवा मुलीस शाळेत धरून ठेवणारी एखादी तरी गोष्ट हवी. ज्याला गणितात मान मिळत नाही, त्याला मैदानावर मिळाला, तर तो दुसऱ्या दिवशीही शाळेत येतो; आणि येत राहिला, तर गणितही हळूहळू येते.

ह्यासाठी फार पैसा लागतो, अशी सबब कोणी सांगू नये. दोनशे मीटरांची धावपट्टी आखावयास दोन सरळ बाजू प्रत्येकी पन्नास मीटरांच्या, आणि दोन टोकांस सुमारे १५.९ मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे पुरतात. भूमितीच्या तासास मुलांनीच दोरी, खुंटी आणि चुन्याची पिशवी घेऊन ती आखावी. म्हणजे त्रिज्या आणि परीघ ह्यांचा संबंध जन्मभर विसरणार नाही. एक घड्याळ व एक वही एवढे सामान आणखी हवे. प्रत्येक मुलाची व मुलीची वेळ महिन्यातून एकदा त्या वहीत लिहावी, आणि मुलाने दुसऱ्याशी नव्हे तर स्वतःच्याच गेल्या महिन्याच्या आकड्याशी शर्यत लावावी. परीक्षा जवळ आली म्हणून खेळाचा तास दुसऱ्या विषयास देण्याची जी रीत बहुतेक शाळांत पडली आहे, ती मोडावी. मुलींचा तास मुलांइतकाच असावा, आणि वर्गात जो शेवटी येतो त्याच्यासाठीही तो असावा. कारण विल्मा रुडॉल्फ एके काळी शेवटीच होती.

पालकांस आमची विनंती एवढीच, की मुलगी धावू लागली तर तिला थांबविण्यापूर्वी तिच्या शिक्षकांस एकदा भेटावे. आणि स्नेहसंमेलनास ज्या उत्साहाने येता, त्याच उत्साहाने मैदानी सामन्यांसही यावे. विद्यार्थ्यांस सांगणे हे, की तुमच्या पुढे धावणारा मुलगा कोणत्या पाड्यावरचा वा कोणत्या आळीतला आहे, हे विचारू नका. तो किती वाजता उठतो आणि त्याला कोणी शिकविले, हे विचारा. त्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे तुम्हांसही तसेच धावता येण्याची वाट सापडेल.